निरशा दुधातले चार थेंब

झुंबरबाई केदारीने मला दोनदा तोंडघशी पाडलं. दोन्ही वेळा मी बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी तळेगावचा, आम्हा तळेगावकरांना स्वतःबद्दल शंका घ्यायची सवय नाही.

लोणावळ्याहून खंडाळ्याकडे जाताना डाव्या हाताला एक आरोग्यभुवन होतं. मुंबईच्या एका शेटजींनी आईच्या नावाने बांधलेलं, चाळीस खाटांचं. छातीचं दुखणं जडलेली माणसं तिथे हवा बदलायला येत. तिथल्या कोठीवर मी चौदा वर्षं काढली. धान्य, तूप, साबण, कंदिलाचं तेल आणि दूध, सगळं माझ्या ताब्यात. त्यात दुधाइतका ताप दुसऱ्या कशाचा नव्हता. या दुखण्यावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं, त्यामुळे जो तो खाण्यापिण्याचं नवं खूळ घेऊन यायचा. एक गृहस्थ नुसत्या मोसंब्यांच्या रसावर राहायचे. मोसंबी पुण्याहून गाडीने यायची, आणि करंडी आली नाही की ते दिवसभर माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांच्या जिवावर उठलोय. दुसरे एक ताकावर होते. पण सगळ्यांत मोठं वेड होतं धारोष्ण दुधाचं. दूध तापवलं की त्यातलं सत्त्व मरतं, ते कच्चंच प्यावं, असं कुठल्याशा मासिकात छापून आलं आणि आमच्या विश्वस्तांनी ते उचलून थेट माहितीपत्रकात घातलं. डॉक्टर चिटणिसांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण डॉक्टर पगारी आणि विश्वस्त मालक, तेव्हा कच्चं दूध चालू राहिलं.

हे दूध कुसगावाहून यायचं, म्हणजे झुंबरबाईकडून यायचं.

उंच, हाडापेराने मोठी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवरा लवकर गेलेला, पदरी एक मुलगी आणि दावणीला दोन म्हशी. कुसगावात तेव्हा घरटी दूध असायचं, पण थोडं थोडं. तेवढ्यासाठी लोणावळ्याची पायपीट कोण करणार? उरलेलं ताकात जायचं आणि ताक शेजारीपाजारी. झुंबरबाईने चौदा घरं एकत्र केली. कोणाच्या घरचं किती हे तोंडपाठ ठेवायची. गावातल्या सरदार तांबोळ्याच्या तट्टावर दुधाच्या बरण्या लादून ती स्वतः शेजारून चालत यायची, सूर्य उगवायच्या आत माझ्या दारात हजर. बरण्या राखेने घासून, कढत पाण्याने धुऊन, उन्हात पालथ्या घालण्याचं काम तिने कधी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

बाईचा खाक्या कळावा म्हणून पुढची एक गोष्ट आधीच सांगतो. लढाईच्या वर्षांत डोंगरावरचं गवत गासड्या बांधून पलटणीच्या जनावरांसाठी जाऊ लागलं. देहूरोडला डेपो झाले, पेंड मिळेनाशी झाली, आणि तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत गवळ्यांनी हात टेकले. झुंबरबाईने गावच्या बायकांच्या हाती विळे दिले आणि ठेकेदार यायच्या पाच दिवस आधी त्यांना गावच्या डोंगरावर चढवलं. ठेकेदार आला तेव्हा डोंगर न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखा दिसत होता. त्याने पुष्कळ आरडाओरडा केला. ती म्हणाली, "गाव आमचं, म्हशी आमच्या, गवात काय तुमच्या बापानं लावलं व्हतं?" त्या वर्षी आमच्या दुधात एका दिवसाचाही खंड पडला नाही.

पण ज्यासाठी लिहायला बसलो, ते एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यातलं.

चैत्र लागला आणि आरोग्यभुवनात ताप सुरू झाला. आधीच छाती पोखरलेली माणसं, त्यात हा मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. दोन आठवड्यांत अकरा जण अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं, स्वयंपाक्याला तपासलं, मग माझ्याकडे वळले.

"दूध," ते म्हणाले. "दुधात पाणी घालताहेत ते लोक."

मी उखडलोच. दुधात सोडून बघायची काचेची कांडी माझ्याजवळ होती. दुधात पाणी असलं की ती जास्त बुडते. रोज सकाळी प्रत्येक बरणीत ती मी माझ्या हाताने सोडत असे. रोज मी विचारायचो, "झुंबरबाई, पाणी?" आणि रोज ती म्हणायची, "एकवीरेची आण, न्हाई." कांडीही तेच सांगायची. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, माझी नोकरी पणाला लावतो. या दुधात पाण्याचा थेंब नाही."

तिसऱ्या आठवड्यात दत्तोबा कड गेला. चाकणच्या पुढच्या एका खेड्यातला शाळामास्तर, सव्वीस वर्षांचा. अकरा जणांतला तोच हाती लागला नाही, आणि त्याचीच छाती सर्वांत चांगली सुधारली होती. वैशाखात तो घरी जायचा होता. झुंबरबाईशी त्याचं फार जमायचं. तिच्या काळ्या म्हशीच्या दुधाला त्याच्या घरच्या दुधाची चव आहे, असं तो म्हणायचा, म्हणून ती त्याच्यासाठी आपल्या घरचं दूध वेगळ्या तांब्यात घालून, वर केळीचं पान बांधून आणायची. तो गेला त्या सकाळीही तिने तो तांब्या आणला होता. मी नुसता त्याच्या रिकाम्या खाटेकडे हात केला. ती तशीच पायरीवर बसली.

पाठोपाठ मुंबईहून विश्वस्तांचं पत्र आलं. कुसगावचं दूध बंद करा, पुण्याच्या डेअरीतून गाडीने मागवा.

झुंबरबाईला सांगितलं तेव्हा ती ताडकन उठली. "चूक दावा, मग बंद करा," ती डॉक्टरांना म्हणाली. "हितं बसून न्हाई. गोठ्यात या. धार काढल्यापासनं तट्टावर चढंस्तोवर समदं बगा."

डॉक्टर गेले. माझी कांडी घेऊन मीही गेलो, जिंकलेल्या वकिलासारखा.

उजाडता उजाडता आम्ही तिच्या गोठ्यात उभे होतो. गोठा झाडलेला, हात धुतलेले, सड पुसलेले, भांडं लख्ख. डॉक्टरांना बोट ठेवायला जागा मिळेना. धार संपली, झुंबरबाईने भांडं उचललं आणि उंबऱ्यापाशी थांबली. तिथे पाण्याचा माठ होता. तिने माठात उजवा हात बुडवला, बोटांवरून चार थेंब दुधात सोडले आणि उंबरा ओलांडला.

"हे काय केलंत?" डॉक्टर.

"काय?"

"हे आत्ता. पाणी."

ती गोंधळली. खरोखर गोंधळली. "ते पाणी न्हाई सायेब. ते म्हशीचं हाय."

मग कळलं ते असं. निरसं दूध, म्हणजे न तापवलेलं, निव्वळ दूध, घराबाहेर तसंच द्यायचं नाही. दुसऱ्याच्या चुलीवर ते उतू गेलं, करपलं, तर इथे म्हशीची कास पोळते. चार थेंब पाण्याचे घातले की ते निव्वळ राहत नाही आणि म्हशीला झळ लागत नाही. चौदाच्या चौदा घरी हेच. सासवांनी सांगितलेलं, सासवांच्या सासवांनी सांगितलेलं. पाणी घालणं म्हणजे फसवायला घालणं, मापात वाढ करायला घालणं. ते पाप त्यांच्यातल्या कुणीच केलं नव्हतं, म्हणून एकवीरेची आणही खोटी नव्हती. चार थेंबांनी माझी कांडी काय बुडणार? वर्षानुवर्षं मी रोज विचारत होतो, ती रोज खरं सांगत होती, आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

"माठातलं पाणी कुठलं?" डॉक्टरांनी विचारलं.

गावची विहीर फाल्गुनातच आटली होती. बायका ओढ्याच्या वाळूत खड्डे करून पाणी आणत होत्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका घरी दोन माणसं महिनाभर तापाने पडलेली, आणि त्यांची धुणी त्याच ओढ्यावर. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, आवाज न चढवता, की हा ताप पाण्यातून येतो, पाणी थोडं की फार याला महत्त्व नाही, कच्च्या दुधात तो विरजणासारखा वाढतो.

झुंबरबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "दत्तोबाचा तांब्या माझ्या घरचा व्हता," ती म्हणाली.

"कुणाच्या घरून आला हे सांगता येत नाही. आणि कच्चं दूध पाजणारे आम्हीच."

"तांब्या माझ्या घरचा व्हता," ती पुन्हा म्हणाली. रडली नाही.

डॉक्टरांनी त्या दिवसापासून आरोग्यभुवनात कच्चं दूध बंद केलं. माहितीपत्रक गेलं खड्ड्यात, असंच म्हणाले. पण विश्वस्तांना तेवढं पुरेना. डेअरीचा हुकूम त्यांनी महिनाभर थोपवला, तेवढ्यात डॉक्टरांनी सही करून द्यावं, की कुसगावच्या एकाही घरात दुधाला न उकळलेलं पाणी लागत नाही. नाही तर डेअरी. डॉक्टरांनाही ते पटत होतं. घराचं मागचं दार सताड उघडं टाकून पुढच्याला कडी घालण्यात अर्थ नाही, हे त्यांचं म्हणणं. चौदा घरांपैकी एक जरी अडलं, तरी ते सही करणार नव्हते.

पाणी घालूच नका, हे सांगून बघितलं. बायकांनी ऐकूनही घेतलं नाही. म्हशीवर संकट कोण ओढवून घेईल? झुंबरबाई म्हणाली, "थेंब सोडू द्या. पर उकळल्याले."

मला वाटलं, मिटलं. मिटतंय कुठलं!

गावातला शब्द चालायचा सरुबाईचा. झुंबरबाईची चुलतसासू, सत्तरीची, दावणीला तीन म्हशी, आणि तिच्या म्हशी कधी आजारी पडत नाहीत ही पंचक्रोशीत ख्याती. तिने एका वाक्यात निकाल लावला. "अगं, इस्तवाची झळ लागू नये म्हणून पाणी घालायचं, आन् तू इस्तवावर ठेवल्यालंच पाणी घालाय सांगतीस? जे टाळायचं तेच हातानं वतायचं व्हय?"

म्हातारीचं तर्कशास्त्र बिनतोड होतं, आणि तोच घोळ होता.

झुंबरबाईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे आपल्या चुलीवर पाणी खळखळ उकळायची, झाकून निववायची, चरवीत घालून घरोघर न्यायची आणि प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहायची. "ह्यातलं घाला. माझ्या म्हशीला काय झालं तर मग सोडा." आठ दिवसांत नऊ घरं तिच्या बाजूला आली.

आणि मग तिच्या काळ्या म्हशीला दगडी झाली. कास सुजून दगडासारखी टणक, हात लावू देईना. गावाला आणखी काय पाहिजे? सरुबाई नुसती गोठ्यापाशी येऊन बघून गेली. संध्याकाळपर्यंत नवांतली सहा घरं फुटली.

मी तिला म्हटलं, "झुंबरबाई, थोडे दिवस थांबा. म्हैस बरी होऊ द्या." ती कास शेकत बसली होती, मीठ टाकलेल्या कढत पाण्याच्या फडक्याने. मान वर न करता म्हणाली, "दगडी काय पैल्यांदा झाली व्हय गावात? पाणी थंड घालत व्हतो तवाबी व्हत व्हती. सकाळी चरवी घिऊन निगणार." आणि निघाली. लोक दारं लावून घ्यायचे, ही दारात उभी. महिन्यातले वीस दिवस संपले होते.

त्याच दिवशी ती कोठीत आली आणि जमिनीवर बसली. "भाऊ, एक कागद लिवा. दत्तोबाच्या आईला."

"काय लिहू?"

"ताप कशानं आला ते. पाणी माझ्या हातचं व्हतं, ते."

मी लेखणी खाली ठेवली. तिला चांगलं खडसावलं. म्हटलं, शहाणपण आहे की नाही? डॉक्टर स्वतः म्हणतात की नक्की सांगता येत नाही. त्या आईची जखम आता कुठे खपली धरत असेल, ती उकलून काय मिळणार? ती शिव्याशाप देईल, तुमच्यावर फिर्याद करील, विश्वस्तांच्या कानावर गेलं तर दहा दिवसांची वाटही बघणार नाहीत. सगळं हातचं घालवाल.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिचं पोर काय छातीनं ग्येलं न्हाई. तिला वाटत आसंल, म्या हिकडं धाडलं आन् चुकलं. तिचं चुकलं न्हाई ते तिला कळाय पायजेल. लिवताय का पोष्टातल्या मास्तरकडं जाऊ?"

लिहिलं. रागारागाने लिहिलं. अक्षर वाईट आलं.

उत्तर अकराव्या दिवशी... नाही, आठव्या दिवशी आलं. मुदतीतले दोन दिवस शिल्लक होते. माझ्याच पत्त्यावर आलं. तिकडच्या शाळेतल्या कुणा मास्तराच्या हातचं वळणदार अक्षर. मी ते तिथेच, टपालवाल्यासमोर फोडून वाचलं आणि तडक कुसगावाची वाट धरली.

झुंबरबाई घरी नव्हती. ती सरुबाईच्या अंगणात होती, चरवी घेऊन उभी, आणि म्हातारी पाठ फिरवून शेण गोळा करत होती. मी कागद दाखवला. झुंबरबाईचा चेहरा उतरला, पण म्हणाली, "हितंच वाचा. आत्याबाईंसमोर वाचा. शिव्या आसल्या तरी वाचा."

मी वाचलं. ते पत्र मी पुढे इतक्यांदा वाचलं आहे की शब्द न् शब्द आठवतो.

"कुसगावच्या झुंबरबाई केदारी यांस रतनबाई कड हिचा नमस्कार. पत्र पावलं. दत्तोबाला तुमच्याकडचं दूध आवडत होतं असं त्याने लिहिलं होतं. बाई, निरशा दुधात पाणी मीही घालते. सासूने सांगितलं म्हणून घालते. माझ्या घरचं दूध चार घरी जातं. गेल्या साली त्यातल्या एका घरी एक मूल तापाने गेलं. मी सांत्वनाला गेले होते. तुमचं पत्र येईपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं. आता मी पाणी उकळून घालते. म्हशीचं जे व्हायचं ते होवो. तुम्ही कळवलंत, हे बरं केलंत."

खाली अंगठा होता.

झुंबरबाईने चरवी खाली ठेवली आणि इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम आलं. मीही डोळे पुसले. लाज कसली त्यात. सरुबाई मात्र तशीच उभी, हातांना शेण. तिने विचारलं, "त्या बाईला आनिक पोर हाय?"

"नाही," मी म्हटलं. "एकुलता एक."

म्हातारीने तीन म्हशींकडे बघितलं. मग हात धुतले, आत गेली, चुलीवर पातेलं ठेवलं आणि माठातलं पाणी त्यात ओतलं. फुंकणी घेऊन जाळ केला. आमच्याकडे पाठ करूनच बोलली, "कास सुजली तर शेकाय येती. त्या माऊलीनं काय शेकायचं?"

पाण्याला आधण येऊ लागलं तशी ती माझ्याकडे वळली.

"किती येळ उकळू?" तिने विचारलं.